मंडईचा हिशेब

‘शेतकऱ्याचा आसूड’ महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केला. त्यात माळव्याची गाडी भरून शहरात विकायला आलेला शेतकरी भेटतो. वजनात मारणारे दलाल आणि नगरपालिकेची जकात यांच्यातच मालाचे सगळे पैसे खपतात, गाडीचं भाडं पदरचं भरावं लागतं आणि हा माणूस पोराबाळांसमोर रिकाम्या हाताने उभा राहतो. फुल्यांनी हे ऐकीव माहितीवर लिहिलेलं नाही. त्यांचे वडील गोविंदराव फुलांचा आणि भाजीपाल्याचा धंदा करत. मळ्यातून पहाटे निघालेली पाटी बाजारात कोणाकोणाच्या हातांतून जाते आणि प्रत्येक हात तिच्यातून काय काढून घेतो, हे त्या घरात लहानपणापासून दिसत होतं.

हा ग्रंथ लिहिला जात होता त्याच सुमाराला पुण्याच्या शुक्रवार पेठेत एका मोठ्या दगडी इमारतीचं काम चाललं होतं. तोवर शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरायचा. ऊन, पाऊस, चिखल, मोकाट गुरं, सगळं सोसत माणसं तिथेच बसायची. नगरपालिकेने पक्क्या बाजाराचं मनावर घेतलं. सरदार खासगीवाल्यांच्या बागेची जागा मिळवली, आराखडा वॉल्टर ड्यूकेट या इंग्रज अभियंत्याने केला आणि बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनी केलं. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याच्यापासून चहूबाजूंना फुटलेली लांबट दालनं, अशी रचना. खर्च आला सुमारे ३ लाख रुपये. १८८६ मध्ये बाजार सुरू झाला आणि मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ‘रे मार्केट’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

३ लाख ही त्या काळात किरकोळ रक्कम नव्हती. फुले १८७६ ते १८८२ या वर्षांत पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि या खर्चाला त्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर घाला, असं त्यांचं सांगणं होतं. पालिकेच्या तिजोरीबद्दल ते असेच जागरूक असत. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचं घाटत होतं, तेव्हाही विरोधात उभे राहिलेले सभासद एकटे फुलेच. आणि त्यांना बांधकामातलं काही कळत नव्हतं, अशी शंकाही कोणी घेऊ नये. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीतून त्यांनी कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल अशी कामं केलेली होती. दगड, चुना आणि मजुरीचे दर त्यांना तोंडपाठ होते.

म्हणून त्यांच्या विरोधाकडे बाजाराला केलेला विरोध म्हणून पाहणं चुकीचं ठरेल. भाजी विकणाऱ्या घरातला माणूस भाजीच्या बाजाराला कशाला नाही म्हणेल? त्यांचा सवाल साधा आणि अडचणीचा होता. पैसा सगळ्या शहराचा, मग त्याचा उपयोग कोणाला?

आज या बाजाराच्या, म्हणजे महात्मा फुले मंडईच्या खाली मेट्रोचं स्थानक आहे, वर वारसा वास्तू म्हणून तिच्याबद्दलचा जिव्हाळा आहे आणि लोकांच्या हातातल्या फोनवर दहा मिनिटांत कोथिंबीर घरी पोचवणारी ॲप आहेत. मंडईचं पुढे काय करायचं याची चर्चा शहरात अधूनमधून होते. त्या चर्चेत मनोरा येतो, वाहनतळ येतो, पर्यटन येतं. फुल्यांचा सवाल मात्र येत नाही. तो पहिल्यांदा यायला हवा.

या बाजाराला फुल्यांचं नाव कसं मिळालं, ती कथाही पुण्याच्या सामाजिक इतिहासातली महत्त्वाची आहे. १९२४ मध्ये मंडईत लोकमान्य टिळकांचा पुतळा बसला आणि मोतीलाल नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. दुसऱ्याच वर्षी केशवराव जेधे यांनी शहरात फुल्यांचाही पुतळा उभारावा असा प्रस्ताव नगरपालिकेत आणला. तो फेटाळला गेला. त्या वेळी उसळलेल्या वादातून दिनकरराव जवळकरांचं ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक निघालं, खटले झाले, शहर दोन तटांत विभागलं गेलं. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत निवडून गेले. भांबुर्ड्याचं शिवाजीनगर झालं ते त्यांच्याच पुढाकाराने आणि रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली तीही त्यांच्यामुळेच. ज्या माणसाला पुतळ्यापुरती जागा द्यायला शहर तयार नव्हतं, त्याचं नाव दीड दशकाच्या आत शहराच्या सगळ्यांत गजबजलेल्या इमारतीवर लागलं. अत्र्यांनी पुढे १९५४ मध्ये फुल्यांवर चित्रपटही काढला. मुंबईतल्या १८६९ च्या क्रॉफर्ड मार्केटचंही नाव स्वातंत्र्यानंतर महात्मा जोतिबा फुले मंडई असंच झालं. राज्यातल्या दोन जुन्या आणि देखण्या बाजारांवर एकाच माणसाचं नाव आहे, तेही शेतकऱ्याची बाजारपेठेतली लूट मांडणाऱ्या माणसाचं. याहून योग्य नाव सापडलं नसतं.

आता मंडईच्या आत.

ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी इथे जावं. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, नांगरटीवर पिकलेलं खायचं नाही, असा रिवाज. त्यामुळे परसातलं, बांधावरचं, वेलावरचं जे जे मिळेल त्याची एकत्र भाजी होते. घरोघरी एवढ्या दहा-बारा भाज्या थोड्या थोड्या आणणं जमत नाही, म्हणून मंडईतल्या बायका त्याचे वाटेच लावून ठेवतात. अळूची पानं देठांसकट, लाल माठ, तांबड्या भोपळ्याची फोड, पडवळाचा बोटभर तुकडा, शिराळं, भेंडी, मक्याचं कणीस, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, वर एखादी हिरवी चिंच. शेजारीच सुरणाचा भला मोठा गड्डा घेऊन कोणी बसलेली असते. हाताला खाज सुटू नये म्हणून तळव्यांना तेल चोपडलेलं. कोयत्याचा एक घाव घालून ती नेमका पाव किलोचा तुकडा पाडते, तराजूत टाकते, काटा हलत नाही. गिऱ्हाईक विचारतं, “मावशी, खाजरा नाही ना?” उत्तर येतं, “चिंच घालून शिजवा, मग बघा.” एका वाक्यात पाककृतीही मिळाली आणि हमीसुद्धा.

पुण्याच्या स्वयंपाकघराचं पंचांग असं मंडईत उलगडत जातं. चैत्रात कैऱ्यांचे ढीग लागतात, कारण घरोघरी हळदीकुंकवाला वाटली डाळ आणि पन्हं असतं. अक्षय्य तृतीयेला रत्नागिरी-देवगडच्या आंब्याच्या पेट्या फुटतात. आषाढ लागला की टाकळा, फोडशी, कुर्डू, कर्टुली अशा रानभाज्या मावळ-मुळशीच्या डोंगरांतून येतात, काही आठवडे दिसतात आणि नाहीशा होतात. त्यांना कोणी शीतगृहात ठेवत नाही. श्रावणात मंगळागौरीची पत्री, आघाडा, केवडा. पितृपंधरवड्यात गवार आणि कारली महागतात, दर वर्षी महागतात आणि दर वर्षी लोक कुरकुरत का होईना घेतात, कारण श्राद्धाच्या पानात गवार नाही असं चालत नाही. भोगीला पावटा, सोलाणे, गाजर, वांगी, बोरं, ऊस. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीसोबत खायच्या त्या भाजीचा वाटा पुन्हा वेगळा. कॅलेंडर घरात नसलं तरी मंडईतून एक फेरी मारली की कोणता महिना चालू आहे ते कळतं.

ॲपवर हे सगळं मिळत नाही असं नाही. पुष्कळसं मिळतं. पण ॲपवर भाजी कोणीतरी आधीच निवडलेली, तोललेली, पिशवीत बांधलेली असते. मंडईत भेंडीचं टोक मोडून बघता येतं, वांग्याचं देठ दाबून बघता येतं, नारळ कानाशी हलवून बघता येतो. विकणारीला गिऱ्हाईक पारखता येतं आणि गिऱ्हाईकाला माल. “आजची मेथी घेऊ नका काकू, पावसाने भिजलीये, पालक न्या,” असं सांगणारी बाई एक जुडी विकण्याचं सोडून देते आणि दहा वर्षांचं गिऱ्हाईक राखते. मोबाइलच्या पडद्यावर हा सौदा मांडायची सोय नाही.

आणखी एक गोष्ट श्रीमंत गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नाही. मंडईचे भाव संध्याकाळी उतरतात. दिवसभर पाण्याचा शिपका मारून ताजी ठेवलेली पालेभाजी रात्रीपर्यंत टिकणार नसते, ती संपवायची असते. मग टोमॅटोचे, मिरच्यांचे, वांग्यांचे वाटे लागतात आणि तोलमाप बाजूला राहतं. कामावरून परतणारी धुणीभांडी करणारी बाई, हमाल, खोली करून राहणारी परगावची मुलं, दुकानांतली पोरं, यांची खरेदी त्या तास-दोन तासांत होते. पावशेर तूरडाळीसोबत दहा-वीस रुपयांची भाजी घेऊन रात्रीचं जेवण भागवायची सोय असलेली जागा भर शहरात आहे, हे पुण्याचं भाग्य म्हणायला हवं. हा फायदा कोणत्याही अहवालात दिसत नाही, म्हणून तो नाही असं समजणं चूक होईल.

मंडई नुसती भाजीची कधीच नव्हती. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन १८९४ पासून बसतो. अनंत चतुर्दशीला विसर्जनाची मुख्य मिरवणूक निघते ती मंडईतल्या टिळक पुतळ्यापासूनच. निवडणुकीच्या सभा, सत्याग्रह, मोर्चे यांनी हा चौक कित्येकदा भरून गेला. ‘मंडई विद्यापीठ’ हा शब्द पुण्यात प्रेमाने वापरला जातो. राजकारणातलं खरं-खोटं आधी इथल्या ओट्यांवर घासून बघितलं जायचं, मगच ते पेठांत जायचं. शेजारी तुळशीबाग, बोहरी आळी, लक्ष्मी रस्ता. तांब्यापितळेपासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत आणि पूजेच्या साहित्यापासून भाजीपर्यंत सगळं चालत्या अंतरात. आणि तिथूनच पाच-सात मिनिटांवर बुधवार पेठेतल्या भिडे वाड्याची जागा, जिथे १८४८ मध्ये फुले दांपत्याने मुलींची शाळा सुरू केली. जीर्ण झालेला तो वाडा २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. बाजारावरचा पैसा शाळांना द्या म्हणणाऱ्या माणसाची शाळा आणि त्याच्या नावाचा बाजार एकमेकांच्या इतके जवळ आहेत.

या सगळ्यात एक मोठा बदल मात्र गुपचूप झाला. घाऊक व्यवहार मंडईतून उठला आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. शहर वाढलं तसं ते होणारच होतं. नारायणगाव-मंचरचा टोमॅटो, चाकण-खेडचा कांदा, परराज्यांतला बटाटा घेऊन येणारे ट्रक शुक्रवार पेठेच्या बोळांत कुठे उभे राहणार? पण त्यामुळे झालं असं, की मंडईत शेतकरीच दिसेनासा झाला. आज तिथला गाळेधारक पहाटे गुलटेकडीला जातो, आडत्याकडून माल उचलतो, टेम्पोत घालून आणतो आणि किरकोळीने विकतो. त्याची मेहनत खरी आहे, पहाटे तीन-चारला उठणं खरं आहे, त्याचं भांडवल रोज सडण्याच्या जोखमीवर लावलेलं आहे. त्याला दोष देण्याचं कारण नाही. मात्र ज्याच्यासाठी फुल्यांनी लेखणी उचलली, तो माळव्याची गाडी घेऊन येणारा माणूस त्यांच्या नावाच्या इमारतीच्या आत पाऊल ठेवत नाही, हेही तितकंच खरं. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावर लॉकवुड किपलिंग यांच्या देखरेखीखाली घडवलेली शेतकऱ्यांची शिल्पं आहेत. दगडातला शेतकरी दारावर आणि खरा शेतकरी वाशीच्या बाजार समितीत. दोन्ही शहरांची तऱ्हा सारखीच.

कायदा यात मागे राहिलेला नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरवलं. ‘आसूडा’तल्या गाडीवाल्याची तक्रार सरकारदप्तरी पोचायला १३३ वर्षं लागली. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरवायला सुरुवात झाली. ते पुण्यातल्या उपनगरांत, शाळांच्या मैदानांत, मंगल कार्यालयांच्या आवारांत भरू लागले. पक्क्या छपराखालची, शहराच्या मध्यावरची आणि शेतकऱ्याच्या सगळ्यांत मोठ्या वकिलाच्या नावाची जागा मात्र त्यातून सुटली.

या शहरात कष्टकऱ्यांनी बाजारात स्वतःची जागा भांडून मिळवल्याचा इतिहास आहे. नाना पेठेत दवाखाना चालवणारे डॉ. बाबा आढाव हमालांच्या पाठीच्या दुखण्यापासून सुरुवात करून हमालांच्या संघटनेपर्यंत पोचले. हमाल पंचायत उभी राहिली, पुढे १९६९ चा माथाडी कायदा आला, १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ सुरू झालं आणि मजुराला परवडेल अशा दरात झुणका-भाकर मिळू लागली. आढावांनी आयुष्यभर फुल्यांचं नाव घेऊन काम केलं. पथारीवाल्यांची संघटनाही त्याच चळवळीतून आली. मंडईच्या चारी बाजूंना पथारी टाकून बसणाऱ्या बायका म्हणजे रहदारीतला अडथळा, असं समजणाऱ्यांनी २०१४ चा पथविक्रेता कायदा जरूर वाचावा. पिढ्यान्‌पिढ्या जिथे विकणारे आणि घेणारे जमतात, त्या ‘नैसर्गिक बाजारा’ची दखल त्या कायद्यात आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद पथविक्रेत्यांनी निवडून द्यायचे आणि त्यांच्यात एक तृतीयांश महिला असायच्या, असं बंधन आहे. मंडईचा परिसर नैसर्गिक बाजार नसेल तर पुण्यात दुसरा कोणता आहे?

मंडईबद्दलच्या तक्रारी खोट्या नाहीत. गाडी लावायला जागा मिळत नाही. आर्यन आणि मिनर्व्हा ही जुनी चित्रपटगृहं गेली आणि त्यांची नावं वाहनतळांना उरली, तरी शनिवार-रविवारी तुळशीबागेच्या गर्दीपुढे तेही अपुरे पडतात. ओल्या कचऱ्याचा वास येतो. पावसाळ्यात पायाखाली राडा होतो. सकाळपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या बायकांना धड स्वच्छतागृह नाही, हे तर लाजिरवाणं आहे. यावर काहींचा उपाय ठरलेला असतो: बाजार शहराबाहेर हलवा, इमारतीत वस्तुसंग्रहालय करा, खाऊगल्ली करा, कला दालन करा.

हा उपाय जगात इतरत्र करून झालेला आहे. पॅरिसचा ‘ले आल’ हा शेकडो वर्षांचा बाजार १९६९ मध्ये शहराबाहेर रंजीसला हलवला आणि १९७१ पासून त्याची लोखंडी दालनं पाडली. शहराच्या पोटात काही वर्षं नुसता खड्डा राहिला, मग तिथे जमिनीखाली व्यापारी संकुल आलं. हळहळ अजून संपलेली नाही. दुसऱ्या टोकाला बार्सिलोनाचा बोकेरिया. इमारत तिथे आहे, बाजारही आहे, पण पर्यटकांची झुंबड एवढी वाढली की घरची भाजी घ्यायला येणाऱ्यांना वाट मिळेना. २०१५ मध्ये गर्दीच्या वेळी १५ जणांहून मोठ्या पर्यटक गटांना आत येण्यास पालिकेला मनाई करावी लागली. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट विकसकाच्या हाती देण्याची योजना नागरिकांच्या विरोधामुळे अडली आणि महापालिकेने स्वतः दुरुस्तीचं काम हाती घेतलं, हा त्यातल्या त्यात बरा धडा. पुण्याने तोच गिरवावा.

२०२४ च्या सप्टेंबरअखेरीस मंडईचं भुयारी मेट्रो स्थानक सुरू झालं. ही मंडईच्या बाजूने पडलेली सर्वांत मोठी गोष्ट आहे, कारण तिने गाडीचा प्रश्न निम्मा सोडवला. वनाज, पिंपरी, स्वारगेट या बाजूंनी माणूस आता सरळ मंडईच्या पायाशी उतरू शकतो. पण मेट्रोतून येणारा सगळा लोंढा कपड्यांच्या आणि इमिटेशन दागिन्यांच्या दुकानांकडे वळणार असेल आणि ओट्यावरची बाई तशीच बसून राहणार असेल, तर मंडईला मेट्रोचा उपयोग काय? स्थानकातून वर येणाऱ्या माणसाला भाजीच्या दालनाकडे जाणारी स्वच्छ, कोरडी, उजेडाची वाट दिसायला हवी. हातात दोन पिशव्या घेतलेल्या साठीच्या आजीला मेट्रोत चढता-उतरता यायला हवं. अशा साध्या गोष्टींवरच बाजार जगतो.

दुरुस्ती करायची तर ती कोणत्या क्रमाने, यावर या लेखाचा आग्रह आहे. मनोऱ्यावर रंगीत दिवे सोडण्याआधी छपराची गळती थांबवावी. दर्शनी दगड घासून उजळवण्याआधी आत पाण्याचे नळ आणि बायकांसाठी पुरेशी, रात्रीपर्यंत उघडी असणारी स्वच्छतागृहं बांधावीत. ओला कचरा तिथल्या तिथे जिरवण्याची सोय करावी. मंडईचा कचरा म्हणजे देठ, पाला आणि सडका टोमॅटो, त्यात प्लास्टिक मिसळू दिलं नाही तर त्याचा गॅस किंवा खत करणं अवघड नाही. गाळ्यांचे जुने करार, पोटभाडेकरू, बंद पडलेले ओटे यांचा हिशेब एकदा उघडपणे मांडावा. भाजीच्या ओट्यावर भाजीच विकली जाईल, हा नियम पाळला जावा. आणि ‘वारसा’ ठरवणाऱ्या समितीत वास्तुतज्ज्ञांच्या बरोबरीने गाळेधारक, हमाल आणि पथारीवाल्या बायकाही बसाव्यात, कारण इमारतीचा वापर कसा होतो हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नाही.

भाडं वाढवून ही दुरुस्ती भागवावी, असं कोणी सुचवेल. त्याला विरोध केला पाहिजे. भाडं वाढलं की ओट्यावरची पालेभाजी उठते आणि तिथे जास्त नफ्याचा माल येतो. ड्रॅगनफ्रूट आणि परदेशी सफरचंद विकणाऱ्या गाळ्यांना वाढीव भाडं झेपेल, अंबाडीची जुडी विकणाऱ्या बाईला झेपणार नाही. महापालिकेने रस्ते बांधताना नफा बघितला नाही, बागा करताना बघितला नाही. ताजी भाजी स्वस्तात मिळण्याची जागा ही त्याच प्रकारची नागरी सोय आहे आणि तिचा खर्च सार्वजनिक पैशातूनच व्हायला हवा. फुल्यांच्या विरोधाशी हे विसंगत वाटेल कोणाला. तसं नाही. त्यांनी मागितला तो खर्चाचा जाब. खर्च कष्ट करणाऱ्याच्या उपयोगी पडत असेल तर त्याला त्यांनी अडवलं नसतं.

आणि मंडईत शेतकऱ्याला परत आणायला हवं. सगळी मंडई त्याच्या हवाली करा, असं म्हणणं नाही. गाळेधारकांच्या पोटावर पाय देण्याचंही कारण नाही. एका दालनातले रिकामे ओटे शेतकऱ्यांसाठी आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी राखून ठेवावेत, आठवड्याचे दिवस ठरवून द्यावेत, तोलकाटा पालिकेचा असावा, आडत नसावी, भाव रोज फळ्यावर लिहिला जावा. गुलटेकडीला त्या दिवशी काय भाव निघाला तेही शेजारी लिहावं, म्हणजे मधल्या फरकाचा अंदाज गिऱ्हाइकाला आणि शेतकऱ्याला दोघांनाही येईल. गाळेधारकांनाही हा माल तिथूनच उचलता यावा.

सुरुवात अंजिरापासून करता येईल. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सासवड मंडईपासून अवघ्या तीसेक किलोमीटरवर, दिवे घाट उतरला की पुणं. हे फळ फार नाजूक. झाडावर पिकल्यावर काढावं लागतं, दोन दिवसांत उतरणीला लागतं, वाटेत जितके हात बदलतील तितकं खराब होतं. पहाटे तोडलेलं अंजीर सकाळी नऊला शुक्रवार पेठेत पोचू शकतं, आणि पानांवर रचलेल्या पाटीतून तोडणाऱ्याच्याच हातून विकलं जाऊ शकतं. त्यासाठी नवी इमारत नको, निविदा नको, सल्लागार नको. मीठा बहाराची फळं उन्हाळ्याच्या तोंडावर येतात. तोपर्यंत एका दालनातले ओटे धुऊन, काटा तपासून आणि पुरंदरच्या बागायतदारांना बोलावणं धाडून तयारी होऊ शकते.